खालच्या दोन ओळी

प्रविणने बागेतून आणलेले द्राक्षाचे पान ओट्यावर ठेवले, तेव्हा हौसा तांदूळ पाखडत होती. पान तळहाताएवढे होते. मधला भाग हिरवा, शिरा धड. पण कड मात्र चहूबाजूंनी करपलेली, निखाऱ्यावर धरून गोल फिरवल्यासारखी. प्रविण म्हणाला की खालच्या दोन्ही ओळींत अशी पाने झाली आहेत, आणि वरच्या ओळींत एकही नाही. हौसाने सूप खाली ठेवले. ते पान तिला हातात घेऊन पाहण्याची गरज पडली नाही. अशी करपलेली कड तिने लहानपणी भाताच्या पात्यावर पाहिली होती आणि ती कशाने येते हे तिला ठाऊक होते. प्रविण काय बोलतो आहे ते तिला थोडा वेळ ऐकूच आले नाही.

बाग तीन वर्षांची होती. नागोठण्याच्या अलीकडे, डोंगर उतरून भातखाचरांना मिळतो त्या मुरमाड उतारावर प्रविणने ती लावली होती. कोकणात द्राक्षे होत नाहीत, असे त्याला गावातल्या प्रत्येकाने एकदा तरी ऐकवले होते. पण पावसाला तोंड देणारे नवे वाण आले होते, वरून प्लॅस्टिकचे छत घालता येत होते, आणि पेण व रोहा या दोन तालुक्यांतल्या सात जणांनी मिळून गट केला होता. नाशिककडची एक वायनरी त्यांची द्राक्षे घ्यायला तयार होती, अट एकच. बाग शाश्वत पद्धतीची आहे असे प्रमाणपत्र हवे. मातीत काय घातले, पाणी किती दिले, फवारणी कशाची केली, बांधावरची झाडे राखली की तोडली, सगळे दाखवायचे. प्रमाणपत्र गटाला मिळणार होते, एकट्यादुकट्याला नव्हे. त्यामुळे एकाच्या बागेत लपवाछपवी निघाली, तर सातही जणांचे काम अडणार होते. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून तपासणीसाठी एक बाई पुढच्या गुरुवारी येणार होत्या.

आणि खालच्या दोन ओळींत हौसाने मीठ घातले होते.

तिने ते वाईट हेतूने घातले नव्हते, हे सांगायलाही नको. हौसा पेणच्या खारेपाटातली, खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यातल्या मिठागरावरच्या घरातली. तिचा भाऊ जनू दरवर्षी पावसाळा संपला की जाड्या मिठाची गोणी घेऊन येई. घरामागे दोन माड होते, त्यांच्या आळ्यात ते मीठ जाई. माड खंगला, धरेनासा झाला की त्याला मीठ द्यायचे, हे तिच्या माहेरी कोणी कोणाला शिकवत नसे. मुले चालायला लागतात तशी ती ते शिकत. या वर्षी छाटणीनंतर वरच्या ओळी तरारून फुटल्या आणि खालच्या दोन, जिथे माती चिकण होती आणि पाणी साचे, त्या मुक्यासारख्या उभ्या राहिल्या. प्रविण रोज त्यांच्यासमोर जाऊन उभा राही आणि जेवताना बोलत नसे. एके दिवशी तो आणि सून किमया गटाच्या प्रशिक्षणासाठी रोह्याला गेले. माडांना देऊन गोणीत मीठ उरले होते. हौसाने टोपली भरली, प्रत्येक वेलीच्या बुंध्याशी गवताचे आच्छादन बाजूला सारले, दोन-दोन ओंजळी मीठ घातले आणि गवत परत नीट पसरले. पुढच्या पंधरवड्यात तिने तसेच आणखी एकदा केले. वेली फुटल्या की सांगू, मुलगा हसेल, असे तिने मनाशी ठरवले होते.

खारे पाणी शिरलेले शेत तिने पाहिले नव्हते असे नाही. पण भात वेगळे आणि माड वेगळा. वेलीला बुंधा आहे, साल आहे, ती वर्षानुवर्षे एका जागी उभी राहते. तेव्हा ती माडाच्या जातीची, असा तिचा हिशेब होता. पान ओट्यावर पडले त्या क्षणी तो हिशेब चुकल्याचे तिला कळले.

लग्न होऊन ती या गावात आली, तेव्हा हळद उतरवण्याच्या दिवशीच एका चुलत सासूने थट्टा केली होती की खाऱ्या पाण्याची पोर आणली आहे, जपून राहा, शेत खारवील. सगळ्या बायका हसल्या. हौसाही हसली. मात्र तिच्या हसण्याखाली दुसरे काही होते, ते कोणाला माहीत नव्हते. तिच्या बापाकडे खाडीच्या बांधावरची उघाडी राखण्याचे काम होते. भरतीला फळी पाडायची, ओहोटीला उचलायची, म्हणजे गोडे पाणी बाहेर जाते आणि खारे आत येत नाही. एका उधाणाला फळी पडलीच नाही. सकाळी सगळ्या गावाच्या खाचरांत समुद्र उभा होता. बाप झोपला होता असे लोक म्हणाले. फळी अडकली होती असे काही जण म्हणाले. बाप स्वतः काहीच म्हणाला नाही, मरेपर्यंत नाही. पुढची कित्येक वर्षे पेणच्या बाजारात त्याला पाहून लोक आवाज खाली आणत. हौसा तेव्हा परकराच्या वयाची होती. आवाज खाली आला की काय होते, ते तिला तेव्हापासून ठाऊक होते.

म्हणून ती त्या सकाळी गप्प राहिली. आज नको, संध्याकाळी सांगू, असे तिने ठरवले. संध्याकाळपर्यंत प्रविणला गुन्हेगार सापडला होता.

खालच्या ओळींना लागून गोविंदाचे शेत होते. गोविंदा हौसाच्या नवऱ्याच्या बरोबरीचा. भात निघाले की त्याच खाचरात तो वाल टाकी. बांधावरच्या वाटेवरून गेल्या उन्हाळ्यात प्रविणचे आणि त्याचे वाजले होते. प्रविणच्या मते सगळे स्पष्ट होते. गोविंदाने बांधावर तणनाशक मारले, ते वाऱ्याने तरी आले किंवा त्याने मुद्दाम फवारले. तो बांधावर गेला आणि त्याने गोविंदाला पंप कधी मारलास म्हणून विचारले. हौसा गोठ्याच्या आडून ऐकत होती.

गोविंदा वालाच्या शेंगा चाचपत होता. मान वर न करता म्हणाला, "पंप माझ्याकडं हाय कुठं? तुझी द्राक्षं दारूची ना, प्रविण? मग त्यांना आतापासूनच चढलीय."

एरवी प्रविण हसला असता. त्या दिवशी त्याने वाकून ढेकूळ उचलले, हातात दाबून त्याचा चुरा केला आणि तो परत आला. त्याच्या तोंडावरचा रंग पाहून हौसाच्या मनातले शब्द मनातच राहिले.

दुसऱ्या दिवसापासून घरात भीतीचेच राज्य सुरू झाले. तणनाशक मातीत मुरते, मातीतून विहिरीत जाते, असे प्रविणने कोणाकडून तरी ऐकले. विहीर बागेच्या खालच्या कोपऱ्यातच होती. बाग सांभाळून तो नागोठण्याच्या एका कंपनीतही कामाला होता; तिथली शिफ्ट संपवून येताना तो पाण्याचे मोठे जार आणू लागला. किमयाने पाच वर्षांच्या लेकीला, भूमिकाला, बागेत जायला बंदी केली. पोरगी वेलीखाली भातुकली मांडत असे, ती आता खिडकीच्या गजांना धरून उभी राही. कोंबड्या झाकल्या गेल्या. बागेतून आले की किमया कोपरापर्यंत हात घाशी, पुन्हा पुन्हा घाशी, आणि भूमिका शिंकली तरी तिच्या कपाळावर हात ठेवून पाही. एकदा पोरीला ओकारी झाली, तर तिला घेऊन दोघे तडक रोह्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पोटाचे साधे औषध दिले, पण प्रविणच्या आग्रहावरून तिचे रक्तही काढले. परत आल्यावर भूमिकाने कापूस चिकटवलेला हात आजीला दाखवला. हौसाने तो कापूस पाहिला आणि ती मागच्या दारी जाऊन माडाला टेकून उभी राहिली. रक्त साफ निघाले. भीती मात्र गेली नाही, उलट वाढली. आज नाही तर उद्या, असे किमया म्हणू लागली.

गटाचे प्रमुख हैबतराव रोह्याकडून मोटरसायकलवर आले. शांत, मोजके बोलणारा माणूस. त्यांनी ओळी पाहिल्या, बांध पाहिला आणि ओट्यावर बसून नियम समजावला. शेजारच्या शेतातून औषध उडून आले असेल, तर तेवढ्या ओळी वगळता येतात. बाकीची बाग आणि गट सुरक्षित राहतो. पण मालकाने स्वतः काही घातले आणि दाखवले नाही असे निघाले, तर मग सातही घरांचे भिजत घोंगडे. तेव्हा तपासणीच्या दिवशी गोविंदाचे नाव स्पष्ट सांगायचे आणि सोबत पोलिसांत अर्जही द्यायचा, म्हणजे बळ येते. अर्जाचा मजकूर त्यांनी तिथेच तयार केला. हौसाने त्यांना चहा दिला. रिकामी कपबशी न्यायचे विसरून ती तिथेच अर्जाकडे पाहत उभी राहिली, तेव्हा त्या म्हातारीला घाबरवू नका म्हणून हैबतरावांनी प्रविणला दटावले.

त्यानंतर हौसाला सांगणे अधिकच अवघड झाले. आधी तिला फक्त मुलाची भीती होती. आता गटातल्या बाकी सहा घरांची भर पडली, आणि हैबतराव सोडले तर त्यांतल्या कोणाला ती ओळखतही नव्हती.

वालाच्या पहिल्या शेंगा गोविंदा दर वर्षी या घरी देई. हौसाचा नवरा असताना दोघे मिळून पोपटी लावत. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, भोवती जाळ. नवरा गेल्यावरही शेंगा येत राहिल्या. या वर्षीही त्या आल्या. गोविंदाने टोपली ओट्याच्या कडेला ठेवली, पायरी चढला नाही, बसलाही नाही.

"वयनी," तो म्हणाला, "गावात जे चाललंय ते ऐकलंस तू. तू मला बोल. मी असं करीन?"

हौसाने तोंड उघडले. आतून किमया आली, टोपली उचलली आणि शेंगा परसातल्या खड्ड्यात ओतून रिकामी टोपली आणून त्याच्या पायाशी ठेवली. पोरीच्या भीतीने तिने ते केले, अपमान करायला नव्हे; पण गोविंदाने खड्ड्याकडे पाहिले, मग हौसाकडे पाहिले. उत्तराची वाट त्याने आणखी थोडा वेळ पाहिली. मग टोपली काखेला मारून तो निघून गेला.

तपासणीला दोन दिवस उरले असताना दुपारी हौसा विहिरीवर कपडे धुवत होती. तहान लागली तशी तिने पोहऱ्यातले पाणी तांब्यात घेतले आणि प्यायली. तांब्या खाली ठेवताना तिच्या लक्षात आले की किमया पाठीमागे उभी आहे.

"तुम्ही या पाण्याला घाबरत नाय, आई," किमया म्हणाली.

जुनी सवय, असे काहीतरी हौसाने पुटपुटले.

"नाय. मी कालपण बघितलं. सगळं घर घाबरलंय. पोरीला मी या पाण्यानं आंघोळसुद्धा घालत नाय. आणि तुम्ही तांब्याच्या तांब्या पिताय." ती जवळ आली. "पण हात तर कापतोय तुमचा. पाण्याला घाबरत नाय, मग कशाला घाबरताय?"

हौसाला खोटे सुचले नाही. तिने सगळे सांगितले. गोणी, टोपली, ओंजळी, गवताचे आच्छादन, पंधरवड्यानंतरची दुसरी खेप. सांगून झाल्यावर आपल्याला हलके वाटेल असे तिला वाटले होते. तसे काही झाले नाही. किमया विहिरीच्या काठावर बसली. भूमिकाला विष नाही, हे तिला प्रथम कळले असावे, कारण तिचे खांदे एकदम सैल झाले आणि तिने पदराने तोंड दाबले. मग तिला बाकीचे कळले. खांदे पुन्हा आखडले.

"हे तिसऱ्याला नाय कळता कामा," ती म्हणाली. "काकांच्या नावावर गेलं तर दोन ओळी जातील. आपल्या नावावर आलं तर सगळं जाईल. ऐकलं का आई? दोनच ओळी."

"आणि गोविंदा?"

"ते म्हातारे हायत. पोलीस काय करणारेत त्यांना? एकदा बोलावतील, सोडतील."

किमया वाईट मुलगी नव्हती. गटात हिशोबापासून फवारणीच्या वेळापर्यंत सगळे तीच पाहत असे आणि सासूला दुखेल असा शब्द तिने कधी काढला नव्हता. म्हणूनच तिच्या तोंडून इतक्या सहज आलेल्या या बोलण्याने हौसाला धडकी भरली. उघाडीच्या दिवशी आपल्या घरातही असेच कोणी कोणाला सांगितले असेल का, असा विचार तिच्या मनात आला. बाप खरेच झोपला होता की फळी अडकली होती, हे तिला, त्याच्या पोटच्या पोरीला, आजतागायत माहीत नव्हते. गप्प बसणारा माणूस आपल्या मुलांनाही काही देऊन जात नाही. तिने कपडे पिळले, किमयाने दोरीवर टाकले. एकमेकींकडे त्यांनी पाहिले नाही.

गुरुवारी सकाळी तपासणीच्या बाई, निशिगंधा, आल्या. पस्तिशीच्या असतील, पायांत कापडी बूट, खांद्याला पिशवी, हातात माती काढायचे लांब गिरमिट. प्रविणने पाणी पुढे केले, ते त्यांनी घेतले. चहा नंतर म्हणाल्या. त्यांनी कामाला सुरुवात केली ती वरून. औषधांची खोली पाहिली, हातमोजे आणि मुखपट्टी कुठे ठेवता ते पाहिले, रिकामे डबे मोजले, ठिबकच्या नळ्या हाताने दाबून पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी त्या एक प्रश्न विचारत, उत्तर ऐकत, लिहीत आणि पुढे जात. घाई नव्हती. हौसा आंब्याच्या सावलीत तांब्या-भांडे घेऊन उभी होती आणि त्या एक-एक ओळ खाली उतरताना पाहत होती. भरतीचे पाणी बांधाच्या एकेका दगडावर चढताना पाहावे तसे तिला वाटत होते.

खालच्या ओळींशी सगळे थांबले. हैबतरावांनी गटातले दोघे सोबत आणले होते. त्यांनी गोविंदाला निरोप देऊन बांधावर बोलावून घेतले होते. तो आपल्या हद्दीत उभा होता, डोक्यावरचा पंचा हातात घेऊन. प्रविणने बांध दाखवला, पाने दाखवली, वाटेचे भांडणही सांगितले. निशिगंधांनी एक पान खुडले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. तणनाशकाने पान सहसा असे करपत नाही, एवढे त्या म्हणाल्या. पण हा अंदाज आहे, प्रयोगशाळा सांगेल ते खरे. हैबतराव म्हणाले की प्रयोगशाळेचे येईल तेव्हा येईल, तक्रार आजच नोंदवून घ्या. त्यांनी खिशातून अर्ज काढला. निशिगंधांनी गोविंदाला त्याचे पूर्ण नाव विचारले.

गोविंदाने नाव सांगितले. गटातल्या दोघांपैकी एकाने आवाज खाली आणून दुसऱ्याच्या कानात काहीतरी म्हटले.

तो खाली आलेला आवाज हौसाने ओळखला.

तिने तांब्या आंब्याच्या मुळाशी ठेवला. ती ओळींकडे निघाली. किमयाने तिचा दंड धरला, तो हात तिने हळूच सोडवला. पहिल्या वेलीपाशी ती उकिडवी बसली, गवत बाजूला केले. खालच्या मातीवर पांढुरकी खपली धरली होती. तिने नखाने ती उकरली, चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली.

"आई, थुंक!" प्रविण ओरडला. एका उडीत तो तिच्याजवळ आला, गुडघ्यांवर पडला आणि लहान मुलाच्या तोंडातून काढावे तसे तिच्या तोंडात बोट घालू लागला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "थुंक गो, थुंक! विष हाय ते!"

हौसाने त्याचे मनगट धरले आणि तोंडातले गिळले.

"मीठ हाय," ती म्हणाली. "तुझ्या मामानं आणलेलं. माडाला घालतात तसं मी घातलं, दोनदा. गोविंदानं काय केलं नाय."

मग प्रविण म्हणाला की ती काकाला वाचवायला असे बोलते आहे, तिचे मन हळवे आहे, लक्ष देऊ नका. तो हे निशिगंधांना सांगत होता, पण पाहत होता आईकडे, आणि त्याच्या बोलण्यातला जोर वाक्यागणिक ओसरत होता. तेवढ्यात गोविंदा बांध ओलांडून आला. हद्द ओलांडायची त्याने परवानगी मागितली नाही. त्याने वाकून चिमूट घेतली, चाखली आणि बाजूला थुंकली.

"कालवणात चालंल," तो म्हणाला.

निशिगंधांनी माती चाखली नाही. त्यांनी गिरमिट रोवून तीन ठिकाणची माती काढली, पिशव्यांत भरली, पिशव्यांवर खुणा केल्या. मग हौसासमोर त्याही खाली बसल्या आणि कधी, किती, कशाने, असे एकेक विचारू लागल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. हौसा उत्तरे देत गेली. शेवटी त्यांनी विचारले, "घरात आणखी कुणाला हे माहीत होतं का, मावशी?"

किमया वेलीच्या तारेला धरून उभी होती. तार हलत होती. हौसाला ती न पाहताही ऐकू येत होती.

"नाय," हौसा म्हणाली. "कुणालाच नाय."

निशिगंधांनी तसे लिहिले. नंतर त्यांनी सगळ्यांना उद्देशून सांगितले की निर्णय त्यांच्या हातात नाही. त्या पाहिले ते लिहितात, समिती ठरवते. या दोन ओळींची फळे वेगळी ठेवावी लागतील. काय घडले, का घडले आणि ते कसे दुरुस्त करणार, हे गटाने लेखी कळवायचे आहे. दुरुस्ती कशी करावी, असे हैबतरावांनी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की तपासणाऱ्याने सल्ला द्यायचा नसतो, तसा नियम आहे. चहा न घेताच त्या गेल्या. हैबतराव बांधावरच्या दगडावर बसले. हातातला अर्ज त्यांनी फाडला नाही. चार घड्या घालून खिशात ठेवला, आणि मोटरसायकलची किल्ली खिशात असूनही ती बराच वेळ शोधत राहिले.

त्या दिवशी प्रविण आईशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला ते एवढेच, की मला विचारले असतेस तर. हौसाने मान हलवली. किमया मात्र संध्याकाळी विहिरीवर गेली, कळशी भरून आणली, आणि सगळ्यांच्या देखत भूमिकाला त्यातले पाणी पाजले. नंतर ती स्वतः प्यायली. पिताना तिचे डोळे भांड्याच्या काठावरून सासूकडे लागलेले होते, आणि त्यांतली भीती आता विषाची नव्हती. हौसाने ती ओळखली. रोज आरशात पाहिलेली वस्तू माणूस विसरत नाही.

दुरुस्ती काय, हे खारेपाटाच्या वाऱ्यावर वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. गोडे पाणी भरपूर सोडायचे, मीठ विरघळून वाहून जाऊ द्यायचे. पण उतार एकाच बाजूला होता. वाहून जाणारे मीठ गोविंदाच्या वालात जाणार होते. प्रविण स्वतः त्याच्याकडे गेला; जाताना पायांत चपला घालायला विसरला. हौसा मागोमाग जाऊन कुंपणाशी थांबली.

"काका," प्रविण म्हणाला, "त्या ओळींत पाणी सोडायला लागंल. मीठ वालात उतरंल."

"आता काका व्हय?" गोविंदा म्हणाला. त्याने विडी पेटवली, अर्धी संपवली. "वाल निघू दे. मग सोड काय सोडायचं ते, पुढं पाऊस धुवून काढील. पण त्याआधी एक थेंब माझ्या हद्दीत आला ना प्रविण, तर मी खरंच पंप घेऊन येईन."

तो हसला नव्हता. प्रविणने हात जोडले.

वाल निघायला अवकाश होता. तोवर वेली जगतील की नाही हे कोणी सांगू शकत नव्हते, आणि समितीचे उत्तरही आले नव्हते. प्रविणने त्या ओळींचे ठिबक अगदी बारीक केले. तरी चिकण माती आतल्या आत काय करते, ते डोळ्यांना दिसत नाही. हौसा आता द्राक्षाची पाने पाहत नसे. सकाळी उजाडले की ती बांधावर जाई आणि पलीकडच्या, गोविंदाच्या वालाची बांधालगतची पाने एकेक करून उलटी-सुलटी करी. रोज कड हिरवी दिसे आणि रोज तिचा श्वास मोकळा होई, तो दुसऱ्या सकाळपर्यंत.

एका सकाळी एक पान हिरवे नव्हते.

कडेला पिवळी रेघ होती, बोटाच्या नखाएवढी. शेंगा भरल्या की वालाची पाने पिवळी पडतात, हे तिला माहीत होते. मीठ लागले तरी सुरुवात पिवळ्यानेच होते, हेही माहीत होते. तिने पान जिभेला लावले. दवाची चव आली, दुसरे काही कळले नाही. पान खुडून पदरात बांधावे असे तिच्या हाताला वाटले, हात पुढेही झाला. घरामागे किमया कळशी घेऊन थबकली होती आणि इकडेच पाहत होती. पलीकडे गोविंदा खाचराच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरा वाकलेला होता.

हौसाने हात मागे घेतला. पान देठावरच राहू दिले.

"गोविंदा," तिने हाक मारली. तो वळला नाही, म्हणून तिने पुन्हा मारली. "जरा इकडं ये. हे पान बघ तू."